निरोपाची पोपटी

मराठीत जाणाऱ्याने 'जातो' म्हणायचे नसते. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना 'येतो' म्हणायचे, हा संस्कार इतक्या लहानपणी होतो की त्यातली विसंगती पुढे कधी जाणवतही नाही. संपण्याची आणि तुटण्याची क्रियापदे आपली भाषा शक्यतो उच्चारत नाही. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात, दिवा शांत करतात. वर्गात सौम्योक्ती शिकवताना हीच उदाहरणे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. 'निरोप' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो कुणाकडे तरी पोचवायचा सांगावा असतो आणि जाणाऱ्याला द्यायची मोकळीकही असते. जणू जाणारा कधी नुसता जात नाही, काहीतरी घेऊन पोचवायलाच निघालेला असतो.

भाषेत एवढी तयारी आहे, तशी ती आचारांतही आहे. लेकीच्या पाठवणीला ओटी आहे. गणपतीला उत्तरपूजा आहे, शिदोरी आहे आणि विसर्जनाहून परतताना पाटावर आणायची चिमूटभर वाळूही आहे. मेलेल्या माणसासाठी तर तेरा दिवसांचा सगळा क्रम बांधून दिलेला आहे. पण एखादे बिऱ्हाडच्या बिऱ्हाड गाव सोडून निघते तेव्हा काय करायचे, हे परंपरेने कुठे सांगून ठेवलेले नाही. घरात शिरण्यासाठी वास्तुशांत आहे, घरातून कायमचे निघण्यासाठी काही नाही. घर सोडणे हे बहुधा दुष्काळात, साथीत किंवा कर्जापायी घडे, आणि अशा वेळी विधीला सवड नसे. शिवाय जाणाऱ्याला परत येण्याची आशाही असे. आता माणसे सावकाश ठरवून, कागदपत्रे पुरी करून आणि टेम्पो सांगून गाव सोडतात. सवड आहे, पण रीत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या कुटुंबात असा प्रसंग आला. आम्हा दोघांपैकी एकीचे माहेर अलिबाग तालुक्यातले, रेवदंड्याच्या अलीकडचे. तेच दुसऱ्याचे सासर. तिथले थोरले बंधू आणि वहिनी जमीन विकून मुलाकडे पिंपरी-चिंचवडला कायमचे राहायला निघाले होते. घराला कुलूप लागणार, आणि वर्ष-सहा महिन्यांत तेही उतरवले जाणार. जाण्यापूर्वी सगळ्यांनी एकदा जमायचे एवढे ठरले होते. सत्यनारायण घालावा असे कुणी सुचवले. दादा म्हणाले, "सत्यनारायण नको. पोपटी लावू."

पोपटी म्हणजे काय, हे रायगडातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढचे सगळे त्या मडक्यावर अवलंबून आहे. भाताची कापणी झाली की खाचरात जी ओल राहते, तिच्यावर वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. जमिनीतली ओल आणि थंडीतले दव एवढ्यावर तो वाढतो. डिसेंबर संपता संपता शेंगा भरतात आणि पुढचे दीड-दोन महिने पोपटीचे. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला अंथरायचा. ही भांबुर्डी कोणी लावत नाही. मोकळ्या खाचरांत आणि बांधांवर ती तणासारखी आपली आपण उगवते आणि हातात चुरगाळली की तिचा उग्र वास येतो. पाल्यावर वालाच्या शेंगा, त्यांवर जाडे मीठ आणि ओवा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेले, वाटण चोळलेले कोंबडीचे तुकडे. पुन्हा शेंगा. शेवटी तोंडाशी पाला असा दाबून भरायचा की मडके पालथे केले तरी आतले काही हलू नये. पाण्याचा थेंब घालायचा नाही, तेलही नाही. मग ते मडके शेतात जमिनीवर पालथे ठेवायचे, भोवती पेंढा, सुक्या झावळ्या, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचे.

आच बाहेरून आणि वरून लागते, वाफ आतच कोंडते. पाल्याची आणि शेंगांची जी अंगची ओल असते, तिच्यावरच सगळे शिजते. दक्षिण गुजरातेत वलसाडच्या बाजूला 'उंबाडियू' लावतात, ते पोपटीचे सख्खे भावंडच. आणि शहरांतून पातेल्यात शिजणाऱ्या प्रसिद्ध उंधियूच्या नावातही 'उंधु', म्हणजे पालथे, हा शब्द टिकून आहे. मडके सरळ झाले, पण नाव पालथेच राहिले.

आम्हा दोघांपैकी दुसऱ्याचे गाव देशावरचे, तेव्हा तुलना अपरिहार्य होती. देशावर याच दिवसांत हुरडा असतो. त्याची आगटी उघडी असते. कणसे भाजत राहतात, कुणीतरी ती तळहातावर चोळत राहते, मूठमूठ दाणे हातोहात फिरत राहतात आणि बोलणे थांबत नाही. पोपटीत असे नाही. मडके एकदा पेटवले की अर्धा-पाऊण तास करण्यासारखे काही उरत नाही. आत काय चालले आहे ते दिसत नाही, झाकण उचलून बघता येत नाही. जाळ सावरायचा आणि थांबायचे. हुरडा हा गप्पांचा सोहळा, तर पोपटी वाट पाहण्याचा. निघणाऱ्या माणसाने तिचीच निवड का केली असावी, हे आम्हांला त्या रात्री हळूहळू उमगत गेले.

त्या जमिनीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ती आमच्या घरात वंशपरंपरेने आलेली नव्हती. पणजोबा खोताचे कूळ होते. अलिबाग तालुक्यातल्या चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांची सभा झाली आणि पिकातला न्याय्य वाटा मिळेपर्यंत खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असा निश्चय झाला. चरीसह आसपासची २५ गावे त्यात उतरली. संप सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. त्या काळात माणसे रानातली लाकडे विकून आणि मिळेल ती मजुरी करून जगली. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. कलम ३२-ग खाली किंमत ठरली आणि आजोबांनी ती हप्त्याहप्त्याने फेडली. त्या हप्त्यांसाठी तालुक्याला चालत गेल्याचे आत्याला आठवते. ती आज ऐंशीची आहे.

अशी ही जमीन, सव्वादोन एकर. आणि ती विकली. का विकली, याचे उत्तर एका वाक्यात देता येणारे नाही. समुद्राकडचा बांध फुटून खाऱ्या पाण्याने खालचे खाचर नासले होते. लावणीला माणसे मिळत नव्हती आणि मिळाली तर मजुरी देऊन भात परवडत नव्हता. दादांचे गुडघे गेले होते. मुलगा चाकणला कारखान्यात आहे, तो परतणार नव्हता आणि परत ये म्हणण्याचा कुणाला धीरही नव्हता. दुसऱ्या बाजूने मुंबई जवळ येत होती. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. जमिनीला जो भाव येऊ लागला, तो तिच्यातून निघणाऱ्या भाताशी आणि वालाशी ताडून पाहणेच व्यर्थ होते. कुळाच्या जमिनीच्या विक्रीवर कलम ४३ चे बंधन असे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, मालकीला दहा वर्षे उलटली असतील तर, शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून ते सुटते. शेतसाराच मुळात इतका थोडा की त्याची ४० पटही एका सणाच्या खर्चात बसावी. सहा वर्षे उपाशी राहून आणि पुढे हप्ते फेडून जे हाती आले, ते सोडवायला एवढे पुरते.

खरेदीखतावर भावंडांच्या सह्या लागल्या. आम्हा दोघांपैकी एकीची सही त्यावर आहे. तो निर्णय आम्हांला तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही योग्य वाटतो.

आणि नेमकी हीच अडचण आहे. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. जमीन जाण्याची गोष्ट मराठी कथा-कादंबऱ्यांत किती वेळा येऊन गेली! तिथे सावकार असतो, फसवून घेतलेला अंगठा असतो, धरणाची नोटीस असते, व्यसनी मुलगा असतो. दुःखाला बोट दाखवायला एक माणूस मिळतो आणि वाचकाच्या रागाला वाट मिळते. इथे तसे कुणी नव्हते. घेणारा गृहस्थ सभ्य होता, पैसे ठरल्या दिवशी मिळाले आणि वालाचा हंगाम संपेपर्यंत शेत वापरा असे तो आपणहून म्हणाला. फसवणूक नाही, जबरदस्ती नाही. स्वतः विचारपूर्वक सोडलेल्या गोष्टीचा शोक कसा करायचा? रडावे तर कुणीतरी म्हणणार, मग विकली कशाला? आणि न रडावे, तर पोटात काहीतरी तसेच राहून जाते. गतकाळाच्या स्मरणरंजनावर आम्ही वर्गात पुष्कळ टीका केली आहे, आणि ती टीका खरीच आहे. पण ज्या शोकाला आरोपी नाही त्याने कुठे जावे, याचे उत्तर त्या टीकेत नाही.

असो. शनिवारी दुपारपासून माणसे जमू लागली. मुंबई, पनवेल, पेण, नागोठणे अशी चहूकडून मिळून तीसेक झाली. शनिवार पाळणाऱ्यांसाठी एक मडके वेगळे होते. मुले पाला आणायला पिटाळली गेली. शहरातली दोन तरुण पोरे भांबुर्डी म्हणून भलतेच काही उपटून घेऊन आली, तेव्हा दादांनी एक पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरले. "डोळ्यांनी नाही ओळखायची, नाकानं," एवढेच म्हणाले. बायका ओसरीवर शेंगा निवडत बसल्या. वहिनींचे हात चालत होते आणि नजर सारखी घराकडे जात होती. मध्येच उठून त्या आत गेल्या आणि भिंतीवरचे कॅलेंडर काढून घेऊन आल्या. मग काढलेच कशाला असे म्हणून पुन्हा लावून आल्या. कुणी काही बोलले नाही.

मडकी भरली दादांनीच. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत. पाला किती घट्ट दाबायचा हे त्यांच्या तळहाताला ठाऊक आहे आणि ते सांगून शिकवता येत नाही असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्यांत धाकट्या भाच्याला हाक मारली आणि दुसऱ्या मडक्याचा पाला त्याला दाबायला लावला. तो दाबत होता आणि दादा त्याच्या हातावर आपला हात ठेवून, "अजून. अजून जरा," असे म्हणत होते. अंधार पडता पडता खालच्या खाचरात मडकी पालथी घातली. पेंढा रचला. आत्याच्या हातून काडी लावली.

जाळ चढला तसे बोलणे थांबले. तीस माणसे आगीभोवती उभी आणि कुणी बोलत नाही, असे आमच्या घरात क्वचितच घडले असेल. काही वेळाने आत्याने आपणहून सुरुवात केली. तिने संपाचे सांगितले. ते तिने पाहिलेले नव्हते, तिच्या बापाकडून ऐकलेले होते. संपातल्या वर्षी हेच खाचर पडीक होते, गुडघ्याएवढे गवत माजले होते आणि लोक ते बघून आनंदाने हसत, कारण ज्या अर्थी गवत आहे, त्या अर्थी कुणी फुटलेला नाही. शेत ओसाड असणे ही तेव्हा जिंकण्याची खूण होती. हे सांगून ती थांबली. गेली दोन वर्षे हेच खालचे खाचर खाऱ्या पाण्यापायी पडीक होते, हे सर्वांना ठाऊक होते. दादा काठीने जाळ सारत म्हणाले, "तेव्हा मिळवायला पडीक ठेवलं. आता आमच्यानं होत नाही म्हणून पडलं." त्यांच्या आवाजात कढ नव्हता. हिशेब सांगावा तसे त्यांनी सांगितले. पण ते कुणीतरी सर्वांसमोर उच्चारणे आवश्यक होते, आणि ते उजेडात समोरासमोर बसून झाले नसते. आगीकडे बघत बोलताना माणसाला कुणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही.

त्यानंतर ज्याला जे सांगायचे होते ते त्याने सांगितले. धाकट्या काकांनी विचारले, बाबा असते तर सही केली असती का? दादांनी सरळ सांगितले, "नसती. पण बाबांचे गुडघे शाबूत होते." त्यावर काका हसले, आणि मग रडले. वहिनी म्हणाल्या की मला फ्लॅटमध्ये राहायला आवडणार आहे. पाणी नळाला येईल, दवाखाना खाली असेल, पावसाळ्यात चूल पेटवायची कटकट नाही. हे मी इतके दिवस बोलले नाही, कारण तुम्हा सर्वांना वाईट वाटले असते. हे वाक्य आम्हांला त्या रात्रीचे सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. गाव सुटण्याचे दुःख पुरुषांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे त्या गावात पाणी भरले, तिला विचारले तर हिशेब वेगळा निघतो.

अर्ध्या-पाऊण तासाने दादांनी मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. चर्र आवाज झाला आणि पाणी क्षणात उडून गेले. झाली म्हणाले. गोणपाटाने धरून मडके उचलले, केळीच्या पानांवर उपडे केले आणि भांबुर्डीच्या वासाची वाफ सगळ्यांच्या तोंडावर आली. करपलेला पाला बाजूला सारून माणसे खाली बसली. शेंगा सोलत, बोटे भाजून घेत, एकमेकांच्या पुढ्यात सारत ती जेवली. त्या जेवणाचे वर्णन करण्यात अर्थ नाही. मीठ थोडे कमी पडले होते, एवढे नोंदवून ठेवतो.

निघताना तो प्रसंग घडला. दादा आत्याच्या पाया पडले आणि म्हणाले, "आत्या, जातो."

आत्याने त्यांचा हात धरून ठेवला. "जातो नाय बोलाचं. येतो बोल."

"येतो बोललो तर यायचं कुठं?" दादांनी विचारले.

प्रश्न खरा होता. 'येतो' या शब्दात परत येण्याचे आश्वासन असते, पण त्याहून आधी एक जागा गृहीत धरलेली असते. ती जागाच विकल्यावर तो शब्द खोटा होतो, आणि दादांना खोटे बोलायचे नव्हते. आत्या त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग शेजारच्या आळीतल्या आपल्या घराकडे हात करून म्हणाली, "मी हाय ना. माझ्याकडं ये." दादा "येतो" म्हणाले.

आम्हांला वाटते, सौम्योक्तीची आमची व्याख्या त्या रात्री थोडी बदलली. अशुभ टाळण्यासाठी वापरलेला शुभ शब्द, असे आम्ही शिकवत आलो. पण आत्याने तो शब्द नुसता वापरायला लावला नाही, त्यामागे आपले घर उभे केले. अशी हमी देणारे कुणी असेल, तोवर 'येतो' हा शब्द उपचार राहत नाही. कुणी नसेल, तर तो केवळ जिभेची सवय.

दुसऱ्या दिवशी दादांनी बियाण्याचे वाल काढले. राखेत घोळवून मडक्यात ठेवलेले, दर वर्षी त्याच शेतातून राखलेले ते वाल. कुणाला तरी आठवण म्हणून मूठभर हवे होते. दादांनी दिले नाहीत. बियाणे आठवणीसाठी नसते, म्हणाले. सगळेच्या सगळे वाल त्यांनी शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला दिले, कारण त्याला पेरायला शेत होते.

त्या शेतकऱ्याने ते पुढच्या हंगामात पेरले. आमच्या जुन्या खाचराभोवती आता चिऱ्यांचे कुंपण आहे. त्याच रस्त्यावर, जरा पुढे, सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना मडक्यामागे दर ठरवून पोपटी करून देतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. करणारी मुले गावचीच आहेत आणि पाला नाकाने ओळखतात. दादा पिंपरीहून फोन करतात तेव्हा जमिनीविषयी विचारत नाहीत. थंडी पडली का, आत्याचा खोकला कसा आहे, हे विचारतात. गेल्या वेळी भांबुर्डी उगवली का म्हणून त्यांनी विचारले. उगवली आहे, असे आम्ही कळवले. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला बरीच आहे. ती कुणी लावत नाही.